दालनातील इतिहासाचा तास

मुंबईच्या फोर्ट भागात, काळ्या घोड्याजवळ, कुर्ल्याच्या काळ्या आणि मालाडच्या पिवळसर दगडांत उभी असलेली भव्य घुमटाची वास्तू म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या या इमारतीची कोनशिला १९०५ मध्ये बसली आणि १९२२ मध्ये संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. शालेय सहलींच्या दिवसांत गणवेशातील मुलांच्या रांगा येथे नित्याच्याच.

परंतु रांग पुढे सरकण्यासाठी असते. वर्गाला थांबावे लागते. तासाभरात सारी दालने पालथी घालणाऱ्या मुलाच्या स्मरणात पुष्कळदा बसमधील गाणी आणि डब्यातील खाऊच उरतो. हे टाळणे शिक्षकाच्या हाती आहे. म्हणूनच संग्रहालय मुलांबरोबर शिक्षकांकडेही लक्ष पुरविते. त्यांच्यासाठी कार्यशाळा होतात, मार्गदर्शनासह दालने दाखविली जातात.

उदाहरण म्हणून सोपारा येथून आलेला सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा खंड पाहावा. सहावीच्या पुस्तकात मौर्यकाल काही पानांत संपतो. येथे मात्र सुमारे २२५० वर्षांपूर्वीची ब्राह्मी अक्षरे प्रत्यक्ष समोर असतात. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, लोकलच्या उद्घोषणेत मुंबईचे मूल रोज ऐकते तेच नाव. हे कळताच पाटलीपुत्राचा राजा एकाएकी शेजारचा होतो. मग प्रश्न सुचतात: राजाने हा लेख बंदराच्या गावी का कोरविला? ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना तो कोण वाचून दाखवीत असेल?

सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या व नवव्या आज्ञालेखांचे अंश सापडले. नवव्या लेखाचा आशय आजही वर्गात चर्चा घडवील असा आहे. आजारपण, विवाह, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना मंगलविधी करतात; परंतु सेवकांशी सद्वर्तन, वडीलधाऱ्यांचा आदर आणि प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे मंगल, असे त्यात सांगितले आहे. इतिहासाचा तास येथे आचरणाचाही तास होतो.

ज्या शाळांना मुंबई दूर पडते, त्यांच्यासाठी २०१५ पासून संग्रहालयाचे फिरते वाहन गावोगावी जाते. गोरखचिंचेच्या जुन्या वृक्षाच्या सावलीत २०१९ मध्ये मुलांचे स्वतंत्र संग्रहालयही सुरू झाले.

तथापि वस्तू स्वतःहून बोलत नाही. शिक्षकाने आधी एकदा येऊन दोन-तीनच वस्तू निवडाव्यात, प्रश्न मुलांना काढू द्यावेत आणि परतल्यावर त्यांची उत्तरे पुस्तकात शोधावयास लावावीत. पालकांनीही घरी आलेल्या मुलास ‘काय काय पाहिलेस?’ असे न विचारता ‘कशापुढे सर्वांत जास्त वेळ थांबलास?’ असे विचारावे. सहल सार्थकी लागली की नाही, ते त्या उत्तरातून कळेल.