धसकटातला गहू

आमच्या सेलू तालुक्यात आता जवारी पाहायची म्हटलं तर गाडी काढून हिंडावं लागते. पराटी, तूर, सोयाबीन, संपलं. रानडुकरं आणि पाखरं दाणा ठेवत नाहीत म्हणून लोकांनी ती सोडली. मी मात्र तीन वर्षांपासून धुऱ्याकडच्या अर्ध्या एकरात पेरतो. का, ते सांगायला मागं जावं लागेल.

1984 सालची गोष्ट. दहावी होऊन मी शेतीत पडलो होतो आणि बापापेक्षा आपल्याला जास्त समजते अशा तोऱ्यात होतो. बाबांची जवारी गावरान. ती सवंगता सवंगता मार्गशीर्ष उजाडायचा, त्यामुळे त्या वावरात पुन्हा गहू पेरायचा प्रश्नच नसे. पुढच्या साली तिथं पराटी. पण हायब्रीड आलं (पहिलं सीएसएच-1, 1964 सालचं) आणि वावर साडेतीन महिन्यांत मोकळं होऊ लागलं. विहिरीवर पंप होता. मी जवारी कापली, धसकटं वेचायची मजुरी वाचवली, वखर फिरवला आणि आठ दिवसांत गहू पेरला.

लागूनच्या तुकड्यात मूग काढून पेरलेला गहू होता. तेच बियाणं, तेच पाणी, पेरणाराही तोच. तिकडे गहू हिरवागार, इकडे विरळ, पिवळा, बोटभर. मधात दोरी मारल्यासारखी रेघ.

पेरणारा आमचा सालदार. गाव त्याला मामा म्हणायचं, मीही. तिफणीच्या चाड्यावर त्याची मूठ इतकी सारखी चालायची की दुसरे लोक त्याला मागून न्यायचे. त्या माणसाला मी विहिरीवर चारचौघांत म्हटलं, "मामा, बियाणं घरी नेलं तुम्ही."

तो म्हणाला, "भाऊ, दाना मी बरोबर सोडला. वावरच नाही म्हणते, त मी काय करू?"

बाबा गप्प राहिले. पाडव्याला साल संपलं आणि मामा पुन्हा आमच्या दारात आला नाही. त्याचं बोलणं मला तेव्हा चोराचा बहाणा वाटलं.

वावर खरंच नाही म्हणत होतं. हे मला पुतण्यानं दाखवलं, तो अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकला. त्यानं ओल्या फडक्यात जवारीचे दाणे उगवले आणि चार-पाच दिवसांनी माझ्या हातात भिंग दिलं. मुळावर बारीक लव, आणि लवीच्या टोकाला पिवळसर तेलकट थेंब. त्याचं नाव सॉर्गोलिओन. जवारीचं मूळ ते जमिनीत सोडते आणि शेजारी उगवणाऱ्या बारीक रोपाचं उन्हातून अन्न करायचं काम बंद पाडते. एका झाडानं दुसऱ्यावर असा परिणाम करण्याला हान्स मोलिश या शास्त्रज्ञानं 1937 साली अ‍ॅलेलोपॅथी नाव दिलं. पुतण्या म्हणाला, "काका, एकटा हा थेंब नसेल. धसकट कुजताना आणखी द्रव्यं सुटतात, अन् कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः घेतात. तुमच्या गव्हाला सगळीकडून मार बसला." धसकटं वेचून वावर महिनाभर तापू दिलं असतं, तर गहू आला असता. तेवढी मजुरी मी वाचवली होती.

आई म्हणायची, जवारीच्या वावरात पुढच्या साली निंदण कमी. बायका त्या वावराचा गुत्ता हसत घ्यायच्या. ते ऐकूनही मी कधी विचार केला नाही. आता निंदायला बाया मिळत नाहीत, आणि फवाऱ्याचा डबा मला पाठीवर झेपत नाही. म्हणून ही अर्ध्या एकराची जवारी. पट्टा दरसाल सरकवतो, धांडे तोडून पराटीच्या ओळीत टाकतो. बारीक तण कमी दिसते. हराळी मात्र काही भीक घालत नाही.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. त्याचा मुलगा वर्ध्याला ऑटो चालवतो. मागच्या वर्षी बाजारात भेटला तेव्हा त्याला सगळं सांगितलं, विहिरीवरचंही. चहा थंड होईपर्यंत तो ऐकत होता. म्हणाला, "बाबांनी घरी कधी सांगितलंच नाही काका, तुमचं वावर काहून सोडलं ते."

मग ऑटोत बसता बसता म्हणाला, "हुरडा आला की फोन करा."

यंदा कणसांना जाळी बांधली आहे.