डोळे मिटू नका, मॅडम!

‘मी बॉक्सिंग शिकतेय’ असं ऑफिसात सांगितलं की समोरचा हमखास दोन पावलं मागे सरकतो आणि म्हणतो, ‘बापरे, आता तुझ्याशी जपून वागायला हवं!’ हा जोक मी इतक्यांदा ऐकलाय की... असो. त्या सगळ्यांना एक आतली खबर देते. पहिले तीन आठवडे मी कुणालाही, कशालाही ठोसा मारलेला नाही. हॉलच्या कोपऱ्यात लटकलेल्या लाल बॅगेला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती. मी फक्त उभं राहायला शिकत होते.

हो, उभं राहायला! डावा पाय पुढे, उजवा मागे, मधे खांद्याएवढं अंतर. दोन्ही पाय एका रेषेत आले की संपलं, सर नुसतं एक बोट खांद्याला लावायचे आणि मी कोलमडायचे. मागची टाच किंचित उचललेली, गुडघे सैल, अंग जरा तिरपं. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, मुठी गालाशी, हनुवटी खाली. (हे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांसाठी. डावखुऱ्यांनी सगळं उलटं करायचं. त्यांना साउथपॉ म्हणतात आणि त्यांच्याशी खेळायला सगळेच कुरकुरतात.) मग चालायचं. पुढे जाताना पुढचा पाय आधी, मागे येताना मागचा. पाय एकमेकांना चिकटवायचे नाहीत, क्रॉस तर अजिबात नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कुणीतरी आपल्याला चालायला शिकवतंय, ही फीलिंग भलतीच गंमतशीर असते.

सर म्हणजे आर्मीतून रिटायर झालेले, साताऱ्याकडचे. आवाज असा की पहाटे सहाला झोप पत्र्याच्या छपरातून बाहेर पडते. पुण्यात हल्ली चकाचक जिममध्येही बॉक्सिंग शिकवतात, एसी आणि म्युझिकवर. घाम मस्त निघतो, आरशात फोटोही छान येतात. पण तिथे समोरून कुणी मारत नाही आणि माझ्या मते बॉक्सिंग तिथूनच सुरू होतं.

त्याआधी पट्ट्या. साडेचार मीटर लांबीची कापडी पट्टी प्रत्येक हाताला. आधी अंगठ्यात लूप, मग मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मुळाशी, मग बोटांच्या मधून, परत मनगट. पहिल्या दिवशी माझा हात प्लास्टर घातल्यासारखा दिसत होता. एवढा खटाटोप कशाला? तर आपल्या एका हातात सत्तावीस हाडं असतात, त्यातली आठ बारकी बारकी मनगटात. मूठ म्हणजे हाडांची पुरचुंडी, ती घट्ट बांधली नाही तर पहिलं नुकसान मारणाऱ्याचंच. करंगळीच्या खालचं तळहातातलं हाड मोडलं तर डॉक्टर त्याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’च म्हणतात. गंमत म्हणजे भिंतीवर राग काढणाऱ्यांचं बऱ्याचदा हेच हाड मोडतं. ग्लोव्ह्ज असतात तेही आधी आपला हात वाचवायला. माझे बारा औंसांचे आहेत, म्हणजे एक साधारण साडेतीनशे ग्रॅमचा. ऐकायला काहीच नाही ना? एक राउंड हात गालाशी धरून ठेवा, मग बोला.

राउंड तीन मिनिटांचा, मधे एक मिनिट विश्रांती. ही पद्धत १८६७ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबरी नियमांनी रूढ केली. तीन मिनिटं म्हणजे किती? आपण एखादं मेल उघडतो, वाचतो, ‘नंतर बघू’ म्हणून बंद करतो, तेवढी. दोरीवरच्या उड्या मारताना मात्र दीड मिनिटातच घरचे आठवतात. त्यात नवशिके श्वास रोखून धरतात. प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून ‘श्श’ करून श्वास सोडायचा असतो. पूर्ण बॅच प्रॅक्टिस करते तेव्हा हॉलमध्ये पंधरा-वीस कुकर लावल्यासारखं वाटतं.

चौथ्या आठवड्यात एकदाचा जॅब आला. पुढचा हात सरळ रेषेत जातो, शेवटच्या क्षणी मूठ वळते आणि गेल्या वाटेने तडक गालाशी परत. जाण्यापेक्षा परत येणं महत्त्वाचं. मागच्या हाताचा क्रॉस आणखी मजेशीर. आपल्याला वाटतं की ताकद दंडात असते. नाही! मागच्या पायाचा चवडा जमिनीवर फिरतो, कंबर वळते, खांदा येतो आणि हात सगळ्यात शेवटी, निरोप पोचवायला आल्यासारखा. नुसत्या हाताने मारला तर बॅग हलतही नाही. टाच वळवून मारला आणि पहिल्यांदा ‘धप्प’ असा खोल आवाज आला, तेव्हा मी मागे वळून बघितलं, की हा मारला कुणी? हूक आणि अपरकट त्यानंतर शिकले, पण खरं सांगते, अजूनही निम्मा वेळ जॅब-क्रॉसमध्येच जातो.

आणि मग पॅडवर्क सुरू झालं आणि माझा प्रॉब्लेम उघडा पडला. सर हातात पॅड घेऊन उभे. मी मारायचं, मधेच ते हळूच माझ्या कपाळाकडे पॅड आणायचे. लागायचासुद्धा नाही. पण तो यायच्या आधीच माझे डोळे गच्च मिटलेले.

‘डोळे मिटू नका, मॅडम!’

प्रत्येक वेळी. दहादा, वीसदा. पापणी मिटणं नैसर्गिक आहे, मान्य. पण माझं जरा जास्त होतं, आणि त्याचं कारण मला माहीत होतं. दीड वर्षापूर्वी ऑफिसातून उशिरा घरी चालत येताना मागून बाइकवर दोघं आले. मागच्याने जोरात पाठीत थापटलं आणि हसत निघून गेले. पाच सेकंदांचा मामला. मी डोळे मिटून उभी होते. नंबर दिसला नाही, चेहरे दिसले नाहीत, बाइक कुठल्या रंगाची ते पण नाही. नंतर कित्येक महिने मागून बाइकचा आवाज आला की खांदे आपोआप कानापर्यंत जायचे.

हे सगळं मी सरांना सांगितलं नाही. एवढंच विचारलं, ‘सर, रस्त्यावर असे दोघं आले तर कुठला ठोसा मारायचा?’ ते म्हणाले, ‘पळायचं.’ मग थोडं थांबून, ‘पण बघून पळायचं.’

त्यांनी मला एका सतरा वर्षांच्या मुलीबरोबर जोडून दिलं. शेहेचाळीस किलो वजन, कॉलेजला अकरावीत, हॉलमध्ये सगळ्यात आधी येणारी. आम्हा ऑफिसवाल्यांसाठी हा छंद आहे, तिच्यासाठी नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी कुठली स्पर्धा, कुठलं मेडल धरतात, हे तिला तोंडपाठ. ‘पोलिसात जाणार, ताई,’ असं ती आपण ‘चहा घेणार’ म्हणतो तितक्या सहज सांगते. तिच्या घरच्यांना नाकाची काळजी. माझ्या आईलाही आहे. मेरी कोमच्या वडिलांना सुद्धा तिच्या चेहऱ्याची आणि लग्नाची काळजी होती. २००० साली ती राज्य स्पर्धा जिंकली आणि पेपरात फोटो आला, तेव्हा त्यांना कळलं की पोरगी बॉक्सिंग करते. बारा वर्षांनी लंडनला महिलांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं आणि तिने ब्राँझ आणलं.

काळजी अगदीच फोल आहे असं मी म्हणणार नाही. हेडगार्डमुळे भुवई फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा वाचत नाही. म्हणून जिथे दुसऱ्याच आठवड्यात नवशिक्यांना एकमेकांवर सोडतात, त्या क्लासमधून मुकाट चपला घालून बाहेर पडा. आमच्याकडे सहा महिने झाले तरी फक्त टच स्पारिंग. खांद्याला किंवा कपाळाला ग्लोव्ह टेकवायचा, तोही फक्त जॅबने.

त्या मुलीने मला युक्ती सांगितली. ‘ताई, माझ्या हाताकडे बघूच नका. छातीकडे बघा. हात निघायच्या आधी खांदा हलतो.’ ती मुद्दाम सावकाश मारायची, ठोसा येताना मोठ्याने ‘एक’ म्हणायची. मग म्हणेनाशी झाली. मग वेग वाढवला. रोज दहा मिनिटं, स्वतःच्या प्रॅक्टिसमधून काढून.

गेल्या गुरुवारी तिचा डावा खांदा हलला. ग्लोव्ह सुटला, मोठा मोठा होत गेला, त्यावरची उसवलेली शिवणसुद्धा मला दिसली. टप्! बरोब्बर कपाळाच्या मधोमध. ती ओरडली, ‘सर, ताईंनी डोळे उघडे ठेवले!’

सर तिकडून आले. पहिल्यांदाच मॅडम म्हणाले नाहीत.

‘दिसला ना?’

‘दिसला, सर.’

‘मग खाल्लास कशाला? चल, बाजूला व्हायचं शिकवतो.’