सहा सूत

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. हातांनी करायच्या कामांत आमची मजल खडू धरण्यापलीकडे कधी गेली नव्हती. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात तिवशातल्या आमच्या ओसरीवर ‘थिकनेस प्लेनर’ नावाचे यंत्र उतरले, तेव्हा ते उतरवणाऱ्या हमालाने विचारलेला प्रश्न रास्तच होता : “सर, पिठाची गिरनी टाकून राहिले काय?”

मूळ कारण जुने घर पाडल्याचे. मायवदाची माती उतरल्यावर खालून अकरा तुळया निघाल्या. चुलीच्या धुराने त्या इतक्या काळवंडल्या होत्या की कोपरा तासून पाहीपर्यंत त्या सागाच्या आहेत यावर आमचा विश्वास बसेना. ठेकेदाराने जागेवरच भाव सांगितला. आम्ही नाही म्हणालो. पोत्यांत आणि लोखंडी कपाटांत कोंबलेल्या पुस्तकांसाठी या लाकडाची मांडणी करायची, असे आमचे ठरले होते.

आरागिरणीत तुळयांच्या फळ्या झाल्या. पण एकही फळी धड नव्हती. एका टोकाला आठ सूत, तर दुसऱ्या टोकाला साडेनऊ. (सुतारांचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आमच्या ‘सूत जुळणे’ या वाक्प्रचारातले सूत वेगळे, तरी त्या दिवसांत आम्हांला दोन्ही एकच वाटू लागले होते.) मांडणीला हवी होती सरसकट सहा सूत. आम्ही फळ्या घेऊन मिस्त्रींकडे गेलो. आमच्या लग्नातला पलंग त्यांनीच केला होता. त्यांनी एका फळीवरून तळवा फिरवला, आणि म्हणाले, “लाकूड लाख मोलाचं हाय, पन मले आता रंधा मारनं होत नाई. खांदा वर जात नाई.” मुलगा पुण्याला फर्निचरच्या कामावर आहे. तो प्लायवूड बसवतो, आणि ते कारखान्यातूनच सहा सूत होऊन येते. त्या कामात रंध्याला जागा नाही.

म्हणून यंत्र. ते घेण्याआधी दोन महिने आम्ही आपसांत भांडलो. पन्नास हजारांच्या घरातली ही वस्तू एका मांडणीसाठी घ्यावी काय, हा एक वाद. दुसरा अधिक अवघड होता. तिवसा तालुक्याच्या कडेला कौंडण्यपुराशी वर्धा नदी आहे, आणि पलीकडे वर्धा जिल्हा. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ तिथेच स्थापन झाला. अलीकडे मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज. यंत्राने कारागिराचा हात रिकामा होतो, हे या दोन्ही ठिकाणांच्या मधोमध बसून आम्ही मुलांना शिकवत आलो. मग आमच्यापैकी एकाला आठवले की गांधीजींनीही १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले होते. दुसऱ्याने उत्तर दिले, की आपल्याला सोयीचे तेवढेच गांधी आपल्याला आठवतात. हे उत्तर कोणी दिले ते इथे सांगत नाही; अजून एकाच घरात राहायचे आहे.

यंत्राचे काम दिसायला सोपे आहे. वरच्या बाजूला दोन पाती बसवलेला दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. रबरी रूळ फळीला आत ओढतात आणि पाती तिचा वरचा थर काढतात. एका खेपेस अर्ध्या सुताहून कमीच काढायचे, नाहीतर मोटार कण्हते. पहिल्या दिवशी आम्ही पाच फळ्या काढल्या, ओसरीभर भुसा केला, आणि तेलकट, मधासारख्या रंगाचा साग पाहून हरखून गेलो. फळी जमिनीवर ठेवली. ती डुगडुगली. दुसरीही डुगडुगली.

संध्याकाळी मिस्त्री आले. खुर्चीवर बसून त्यांनी फळीच्या कडेला डोळा लावला. “पीळ हाय इच्यात. सर, हे मशीन लाकूड सिधं नाई करत. जाड अशीन ते पतलं करते. वाकडं अशीन तं वाकडंच पतलं करते.”

माहितीपुस्तकातही हेच होते. आम्ही वाचले नव्हते, एवढेच. यंत्र वरची बाजू खालच्या बाजूला समांतर करते. खालची बाजू मुळात सपाट नसेल, तर रूळ फळीला दाबून तेवढ्यापुरती सरळ करतात, पाती कापतात, आणि बाहेर पडताच फळी पुन्हा आपल्या मूळ पिळावर जाते. पहिली बाजू कोणीतरी आधी खरी करून द्यावी लागते. त्यासाठी दुसरे यंत्र मिळते, पण त्याचे नाव काढण्याची आमची छाती नव्हती. मिस्त्रींनी घरून आपला रंधा आणला. दोन सारख्या पट्ट्या फळीच्या दोन टोकांवर उभ्या ठेवून एकीच्या माथ्यावरून दुसरी कशी पाहायची, हे त्यांनी दाखवले. पट्ट्या एका रेषेत दिसल्या नाहीत तर पीळ आहे. मग खडूने खूण करून तेवढाच उंचवटा रंधायचा. ते सांगत, आम्ही आळीपाळीने रंधा मारत असू. एका फळीला दीड तास लागे, त्यानंतर यंत्राला चार मिनिटे.

तरी खिळा राहिलाच. लोहचुंबक फिरवूनही एका फळीत जुना घडीव खिळा लपला होता. कर्कश आवाज झाला, पात्याला खाच पडली, आणि पुढच्या प्रत्येक फळीवर एक बारीक उभी रेघ उमटू लागली. आणखी एक फळी यंत्रातून उसवल्यासारखी बाहेर आली. तिचे तंतू उलटसुलट होते. मिस्त्रींनी ती उचलून वजन पाहिले : “हा साग नोहे. तिवस हाय.” म्हणजे काळा पळस, बैलगाडीच्या, अवजारांच्या कामाचे चिवट लाकूड. ज्या गावाचे नाव आम्ही पत्त्यात रोज लिहितो, त्या नावाचे लाकूड आम्ही पहिल्यांदा हातात धरत होतो.

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या हातून होऊन गेली. तुळयांची बाहेरची अंगे वाकसाने तासलेली होती. माशाच्या खवल्यांसारखे ते घाव कडेच्या फळ्यांवर शाबूत होते. आम्ही त्याही फळ्या यंत्रात घातल्या. आठ-दहा खेपांत सगळे साफ. नवव्या फळीच्या वेळी मिस्त्री सहज म्हणाले, “हे वाकसाचे हात आमच्या आज्याचे असतीन. तवा गावात दुसरं घर नोयतं वाढयाचं.” ते रागावले नव्हते. ‘मले’ आणि ‘तुले’ लिहिणाऱ्या पोरांच्या उत्तरपत्रिकांवर आम्ही वीस वर्षे लाल रेघ ओढली, ते त्या क्षणी आठवण्याचे कारण नव्हते, पण आठवले. उरलेल्या दोन फळ्यांची ती बाजू तशीच ठेवली. मांडणीच्या वरच्या कप्प्याला त्या लावल्या आहेत. धूळ बसते, फडके अडकते.

दिवाळीनंतर मिस्त्री एक फळी खांद्याला टेकवून दारात उभे. नातीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी. पहिली बाजू त्यांनी दुखऱ्या खांद्याने, चार दिवस थोडी थोडी करून आणली होती. दोन्ही टोकांवर पट्ट्या ठेवून आम्ही पाहिले. केसाचाही फरक नव्हता. यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी विचारले, “काय घेसान?”

त्यांच्याकडून उन्हाळाभर शिकताना आम्ही हा प्रश्न त्यांना विचारला नव्हता. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ते वाट पाहत होते. फुकट करून घ्यायला आलेले नव्हते. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. खाच पडलेली दोन्ही पाती त्यांनी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली, आणि शुक्रवारपर्यंत धार लावून आणतो म्हणाले.