पीटर ग्रीनची बाजू

रॉक-संगीतांतील कोणत्या गिटारवादकाचा बोलबाला फाजील नि कोण उपेक्षित, हा वाद रसिकमंडळींत निघाला कीं आम्ही पीटर ग्रीनचें नांव पुढें करतों. १९६६ सालीं जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदांत तो एरिक क्लॅप्टनच्या जागीं आला. क्लॅप्टनला तर लंडनच्या भिंतींनीं ईश्वरच ठरविलें होतें! वाद घालणारे बहुधा बोटांची चपळाई मोजतात. ग्रीनच्या १९६८ च्या ‘अल्बट्रॉस’मध्यें ती मुळींच नाहीं; स्वर विरूं द्यावा, मग पुढचा घ्यावा, असा त्याचा संथ डौल. त्याचें ‘ब्लॅक मॅजिक वूमन’ १९७० सालीं सांतानानें गाजविलें, नि लोकांना तें सांतानाचेंच वाटूं लागलें. त्याच वर्षीं ग्रीननें स्वतः उभारलेली फ्लीटवुड मॅक सोडली. पुढें मनोव्याधीनें त्याला ग्रासलें. क्लॅप्टन थोर खराच; पण दोन स्वरांमधली ती शांतता आम्हांस त्याच्याकडे सांपडली नाहीं.