अर्धं पेडल

मी पडले कॉन्व्हेंटची. माझं मराठी वाचून आमच्या विंगमधल्या मुली हसतात, तरी हा लेख मराठीतच लिहायचा असं ठरवलं. विषय मात्र जरा परका आहे: शोपँ आणि पियानोचं पेडल.

दहावीत असताना शाळेच्या गॅदरिंगसाठी मी शोपँचं एक नॉक्टर्न बसवत होते. ऑपस 27 मधलं दुसरं, 1836 मध्ये छापलेलं. त्यात डावा हात बराच वेळ एकाच कॉर्डवर फिरत राहतो आणि वर उजव्या हाताची चाल पुढे सरकते. पेडल कुठे दाबायचं, कुठे सोडायचं हे शोपँनेच लिहून ठेवलंय. सोडायच्या जागी छोटी चांदणी असते. आमच्या मिसनी मात्र चांदणी यायच्या आधीच पेन्सिलने लिहिलं, ‘अर्धं सोड’. मला रागच आला. खुद्द शोपँपेक्षा मिस शहाण्या का? आदल्या रात्री मी त्या खुणा खोडरबरने पुसल्या आणि स्टेजवर छापल्याप्रमाणे वाजवलं. कार्यक्रमासाठी मोठा ग्रँड पियानो आणला होता. सगळे सूर एकमेकांत मिसळून नुसता काला झाला! मिस काही बोलल्या नाहीत. मीही सॉरी म्हटलं नाही.

उत्तर मिळालं ते इथे, व्हायब्रेशन्सच्या तासाला. फळ्यावर डॅम्पिंगचा ग्राफ उतरत होता आणि मला एकदम ते नॉक्टर्न आठवलं. शोपँचा आवडता पियानो पॅरिसच्या प्लेयेल कंपनीचा. लाकडी सांगाडा, लोखंडी पट्ट्यांचा आधार, तारांवर ताण कमी. आवाज हलका, लवकर विरणारा. पेडल लांब धरलं तरी आधीचे सूर आपोआप मागे पडायचे. आजच्या कॉन्सर्ट ग्रँडमध्ये ओतीव लोखंडाची अखंड फ्रेम असते, तारांचा एकूण ताण सुमारे 20 टन. सूर लवकर विरतच नाही. म्हणजे इनपुट तेच, सिस्टिम बदलली!

अर्ध्या पेडलचं कोडंही तेव्हाच सुटलं. पेडल पूर्ण दाबलं की डॅम्पर तारांवरून उचलले जातात. किंचित सोडलं की त्यांचं फेल्ट तारांना जरासं शिवतं. वरच्या बारीक तारा लगेच दबतात. खालच्या जाड तारांत ऊर्जा जास्त, त्या वाजत राहतात. खर्ज टिकतो, चाल स्वच्छ होते. मिस शोपँला खोडत नव्हत्या, त्याचंच म्हणणं नव्या पियानोवर ऐकू यावं म्हणून धडपडत होत्या.

(आमच्या हॉस्टेलच्या कीबोर्डचं पेडल म्हणजे नुसता स्विच. 0 किंवा 1. अर्धं नाहीच!)

दिवाळीच्या सुट्टीत तेच पुस्तक घेऊन मिसकडे गेले. पुसलेल्या खुणांचे वळ कागदावर अजून दिसत होते. ‘मिस, मी तेव्हा पुसलं होतं,’ एवढंच कसंबसं म्हटलं. ‘माहीत होतं,’ त्या म्हणाल्या आणि मला शाळेच्या जुन्या पियानोवर बसवलं. मी ‘अर्धं सोड’ आठवून अगदी प्रामाणिकपणे वाजवलं. तरी काला!

मिस हसल्या. ‘अगं, याचं फेल्ट आता झिजलंय. इथे अर्ध्याने भागत नाही. पायाकडे बघू नकोस, ऐक.’

मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी पुस्तक मिटून.