सहीची जागा

गेल्या नाताळात मावशी न्यू जर्सीहून वसईला आली, तेव्हा तिच्या बॅगेत चॉकलेटांच्या खाली एक पातळशी पुस्तिका होती. ‘फॅमिली ऑफ गॉड’, म्हणजे देवाचे कुटुंब. तिथल्या चर्चमध्ये गर्ल स्काउट मुलींसाठी मावशी हा उपक्रम चालवते. आपल्याकडे मुली ‘गाइड’ होतात. अमेरिकेत ज्युलिएट गॉर्डन लो या बाईंनी 1912 साली काढलेल्या संघटनेत मुलींनाही ‘स्काउट’च म्हणतात. शाळेत मीही गाइड होते. दोरीच्या गाठी, तंबू, शिट्ट्या सगळे केले; पण भक्तीबद्दल पदक मिळते हे ऐकून मला हसूच आले.

मावशीला ते रुचले नाही. “पदक संघटना देत नाही, चर्च देतं,” ती म्हणाली आणि तिने सगळी पायरी समजावली. दुसरी-तिसरीतल्या मुलींना ही पुस्तिका, चौथी-पाचवीला ‘आय लिव्ह माय फेथ’, त्यापुढे मारियामातेवरची, मग थोरल्या मुलींची ‘स्पिरिट अलाइव्ह’. नावे नोंदवायची, पुस्तिका मागवायच्या, फादरांशी बोलून मिस्सेचा रविवार ठरवायचा. खुद्द मावशीलाही प्रशिक्षण घ्यावे लागले, तिची पूर्वचौकशी झाली. 2002 पासून तिथल्या बिशपांचा तसा नियम आहे. (आमच्या शिबिरांना कोण कोण येऊन जाई, ते आठवून मी गप्प बसले.)

एका वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीची पुस्तिका अर्धी कोरी आली. घरच्यांबरोबर करायची पाने रिकामी, आईच्या सहीची जागाही रिकामी. मावशी शिस्तीची. तिने पुस्तिका परत केली. पदकाच्या रविवारी ती मुलगी इस्त्री केलेला गणवेश घालून आली आणि शेवटच्या बाकावर बसली.

“मी काय करणार? नियम म्हणजे नियम,” मावशी म्हणाली.

आई ओट्यावर वाल सोलत होती. वर न बघता तिने विचारले, “तिच्या आईला ते वाचता येत होतं का?”

मावशी बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ती बाई स्पॅनिश बोलते, रात्रपाळीला जाते. आपण कधी विचारलेच नाही.

आई चौथीत शाळेतून निघाली. घरी वाडीत हात हवा होता, आणि धाकट्या बहिणीला, म्हणजे मावशीला, शिकवायचे होते. रोजरीची सगळी रहस्ये मी आईकडून शिकले, फुले खुडता खुडता, पुस्तकातून नव्हे. तरीही अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीपाशी ती सावकाश एकेक अक्षर जुळवू लागली, मागे रांग खोळंबली, तेव्हा मी तिच्या हातातून पेन घेतले आणि तिची सही मीच ठोकली. त्याबद्दल आई आजवर एक शब्द बोललेली नाही. मीही नाही.

परत गेल्यावर मावशीचा फोन आला. आता पुस्तिका वाटण्याआधी ती प्रत्येकीच्या घरी जाऊन येते. त्या मुलीने मात्र यंदा नाव दिलेले नाही.

पुस्तिका आमच्याकडेच राहिली आहे. रात्री जेवणे झाली की आई ती काढायला लावते. मी इंग्रजी वाचून मराठीत सांगते, ती मध्येच थांबवून “हे चुकलं” म्हणते, आणि बहुधा तिचेच बरोबर असते. आतापर्यंत सहा पाने झाली.