पाच रुपयांचं पाकीट आणि चौथीचं गणित



आज एका पाठाविषयी लिहिते आहे. हा पाठ कुठल्याच पुस्तकात नाही आणि माझ्या एका चुकीतून तो सुरू झाला.

मी राहते जव्हारला, शाळा मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर. दोनशिक्षकी शाळा. पाड्यावर एकच दुकान, आणि दारात रंगीत पाकिटांच्या माळा लटकलेल्या. शाळेत येणाऱ्या प्रत्येक पोराला त्या माळांखालूनच यावं लागतं. सकाळी निम्म्या मुलांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट असतंच. मग दुपारी पोषण आहाराच्या ताटातली खिचडी अर्धी उरते. मला त्याचा राग यायचा. एक दिवस मी सगळ्यांची पाकिटं गोळा केली, कपाटात ठेवली आणि वर चार शब्द सुनावले. तिसरीतली एक मुलगी काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

चौथ्या दिवशी तिची आई तिला घेऊन आली. आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाली, "मॅडम, मी पहाटंच मजुरीला जाते. चूल पेटवाया टाइम नसतो. पाच रुपये हातावर ठेवले का पोर गपचूप शाळंत जाते. तेबी घेतलंत तर कसं?"

मला उत्तर देता आलं नाही. वावर-वांगणीचं नाव या भागात आजही निघतं. १९९२-९३ मध्ये तिथे कुपोषणाने मुलं गेली, तेव्हा मी स्वतः लहान होते. त्याच तालुक्यात मी आईच्या हातातले पाच रुपये चूक ठरवत होते. आणि खरं सांगायचं तर वाढदिवसाला मुलांना बिस्किटं आणि हीच पाकिटं वाटणारी पण मीच.

मग ठरवलं, रागवायचं नाही, मोजायचं. चौथीला गुणाकार-भागाकार चालूच होता. रिकामी पाकिटं आणायला सांगितली. वजन कुठे लिहिलंय ते शोधण्यातच अर्धा तास गेला, इतकी अक्षरं बारीक. एका पाकिटावर २० ग्रॅम निघालं. एक किलोला किती पाकिटं लागतील? पन्नास. पन्नास गुणिले पाच? अडीचशे रुपये! वर्गात एकदम आरडाओरडा. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, कोंबडी येते की एवढ्यात!" त्याचा हिशोब मी तपासला नाही, पण तुलना मला आवडली.

नंतर फळ्यावर नागली लिहिली. २०२४-२५ साठी केंद्राने नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,२९० रुपये ठरवला होता, म्हणजे किलोला जवळजवळ ४३. पाच रुपयांत साधारण ११६ ग्रॅम नागली. २० ग्रॅम एकीकडे, ११६ एकीकडे. (बाजारात हा भाव मिळतोच असं नाही, हे मुलांनीच मला सांगितलं. त्यांचे आईबाप नागली विकतात.) पोषण आहाराचं गणितही केलं. प्राथमिकच्या मुलाला एका जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. आमच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला ५५० कॅलरी लिहिल्या होत्या, म्हणजे एका पाकिटात ११०, आणि त्यातला बराच भाग तेलाचा. मुलांना कॅलरी फारशी कळली नाही. "किती पाकिटं खाल्ली म्हणजे एक ताट?" असं विचारल्यावर कळली. चार पाकिटं, वीस रुपये. आणि ताट फुकट.

पण चवीचं काय? नुसती किंमत काढून चव ठरत नाही. म्हणून शनिवारी चव-परीक्षा घेतली. जव्हारहून येताना वडापाव घेऊन आले. पंधरा रुपयांचा एक, त्याचे तुकडे केले. (१९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडापाव सुरू केला असं सांगतात. गिरणीतल्या माणसाला हातात धरून पटकन खाता येईल असं खाणं. स्वस्त खाणं म्हणजे वाईट खाणं असं नसतं, हे मला मुलांना सांगायचंच होतं.) सोबत भाजलेले शेंगदाणे, पाकिटातला खाऊ आणि नागलीची भाकर खुरासणीच्या चटणीबरोबर. भाकर घरून कोण आणेल, असं आदल्या दिवशी विचारलं होतं. एकही हात वर झाला नाही. शेवटी आहार शिजवणाऱ्या ताईंनी करून दिली.

ओढणीने डोळे बांधले आणि एकेक घास दिला. पाचपैकी गुण द्यायचे. पाकिटाला जवळपास सगळ्यांनी पाच दिले, आणि मी त्यात एकही गुण कमी केला नाही. कुरकुरीत लागतं, मसाला जिभेला चिकटतो, हे खरंच आहे. मलाही आवडतं. मग म्हटलं, आता लागोपाठ दहा तुकडे खा. सातव्या-आठव्याला पोरं पाणी मागायला लागली. चटणी-भाकरीला पहिल्या घासाला तीनच मिळाले होते, पण ती दुसऱ्यांदा मागितली गेली. वडापाव सगळ्यात आधी संपला, गुण द्यायचेच राहिले. तासाभराने विचारलं, कोणाला भूक लागली? त्यावरून मुलांनी आणखी एक रकाना स्वतः पाडला, 'किती वेळ पुरतं'. हा रकाना माझ्या डोक्यात नव्हता.

शेवटी मी विचारलं, भाकर एवढी आवडली तर घरून का आणत नाही? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मागे बसणारा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पाकीट सगळ्यांचं सारखंच असतं. भाकर सारखी नसते. कोणाची सुकीच असते."

हे मी कुठल्याच रकान्यात लिहू शकले नाही. पाच रुपयांत त्या पोराला वीस ग्रॅम खाऊच मिळत नव्हता. आपल्या घरात काय शिजतं, किंवा काय शिजत नाही, ते कोणाला दिसू नये, हेही त्यात येत होतं. एवढं सगळं पाच रुपयांत मिळत असेल तर ते महाग कसं म्हणायचं?

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत आम्ही एक मोठी परात ठेवतो. ज्याने जे आणलं ते सुट्टीआधीच, झाकून, त्यात टाकायचं. भाकर, चटणी, पावसाळ्यात रानभाजी, कधी नुसता भात. मीही माझा डबा त्यातच ओतते. परात उघडली की कोणाचं काय होतं ते कळत नाही. खिचडी आता कमी उरते. दिवाळीनंतर काही घरं वीटभट्टीवर गेली, तेव्हा परात अर्धी झाली.

माळा दुकानात अजून लटकतात. बाजाराच्या दिवशी पाकिटं येतातच आणि मी ती कपाटात ठेवत नाही. त्या दिवशी त्या तिसरीतल्या मुलीने तिचं पाकीट फोडलं, सगळ्यांना एकेक तुकडा दिला आणि माझ्यासमोर हात केला. मी घेतला. खारट होता, पण कुरकुरीत. तिला मी पाचपैकी साडेतीन सांगितले, तर ती म्हणाली, "मॅडम, अर्धा कशाचा कापला?"